हाना उन्नी, मुक्काम पनवेल

बुधवारी संध्याकाळी सव्वासहाला लाईन आळीतली बत्ती गेली, आणि आसियाच्या तोंडून जे शब्द निघाले ते अम्मीने ऐकले असते तर त्या दिवशी तिला जेवण मिळालं नसतं.

पंधरा मिनिटांत भाग सुरू होणार होता. शेवटून दुसरा. कोरियात रात्रीचे दहा म्हणजे पनवेलात साडेसहा, हे गणित तिला झोपेतसुद्धा चुकायचं नाही. तिने ओढणी डोक्यावर घेतली, सापडतील त्या चपला पायांत सरकवल्या, "झेरॉक्स काढून येते अम्मी," असं सांगितलं आणि जगनच्या सायबर कॅफेकडे धाव ठोकली. बत्ती नसताना झेरॉक्स कशी निघते, हे सुदैवाने अम्मीच्या लक्षात आलं नाही. जगनकडे इन्व्हर्टर होता. दोन हजार दहा सालच्या त्या लोडशेडिंगच्या दिवसांत आळीत त्याच्याइतका रुबाब कुणाचाच नव्हता.

आत चार मशीन चालू होती. तीन भरलेली. चौथ्याच्या खुर्चीवर तिचा हात पडला आणि त्याच क्षणी दुसराही एक हात पडला. धुळीने माखलेला, मनगटावर काळ्या पट्ट्याचं घड्याळ असलेला.

"मी आधी आले," आसिया म्हणाली.

"तुम्ही आधी आलात, पण हात माझा आधी पडला."

"ही खुर्ची आहे की कबड्डी?"

तो हसला. काखेत पिवळं हेल्मेट, गळ्यात कंटेनर यार्डाचं ओळखपत्र, आणि भुवयांवरसुद्धा धूळ. हसला तेव्हा त्या धुळीतून एकदम डोळे तेवढे दिसले... आसियाने घाईघाईने कॉम्प्युटरकडे पाहिलं.

"अर्जंट आहे हो," तो म्हणाला. "कंटेनरची यादी पाठवायचीय. जासईला सगळे खोळंबलेत."

"माझा परीक्षेचा फॉर्म आहे. आज शेवटची तारीख."

"कसली परीक्षा?"

"तुमच्या कंटेनरमध्ये काय आहे?"

तो अडखळला. "टाइल्स."

"मग टाइल्स कुठे पळून चालल्यात?"

गल्ल्यावरून जगनने मान वर केली. "ओवेसभाय, बॅटरी हाय चाळीस मिन्टांची. तुमी भांडाल तवर ती उतरंल. दोगं बसा एकाच मशीनवर, नायतर दोगंबी घरी जा."

घड्याळात सहा अठ्ठावीस झाले होते. दोघांनीही त्याच वेळी घड्याळाकडे पाहिलं, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. "पाच मिनिटं तुमची, मग माझी," असं म्हणून आसिया शेजारच्या स्टुलावर टेकली.

त्याने पत्ता टाइप करायला घेतला. पहिल्या तीन अक्षरांतच आसियाचं काळीज धाडधाड उडायला लागलं. तिचाच फोरम. जगभरच्या मालिकावेड्यांचा अड्डा, जिथे पोलंडपासून ब्राझीलपर्यंतच्या बायका कोरियन आणि चिनी मालिकांवरून एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या. आपल्याखेरीज पनवेलात आणखी एक जण हे बघतो! तिला खुर्चीवर चढून नाचावंसं वाटलं. टाइल्स म्हणे.

ती तोंड उघडणार, तेवढ्यात त्याने नाव टाइप केलं. हाना.

आसियाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. पडद्यावर धडाधड बदाम उमटायला लागले. 'हाना उन्नी आली', 'उन्नी, कुठे होतीस', मनिलाहून, साओ पावलोहून, वॉर्सामधून. उन्नी म्हणजे कोरियन बायकांची थोरली बहीण. आणि ती थोरली बहीण भुवयांवरची धूळ पुसत इंग्रजीत लिहीत होती: बोंबील कुठे आहे? तिच्याशिवाय सुरू करू नका.

बोंबील म्हणजे आसिया. चार बोटांवर बसलेली.

ती ताडकन उठली. "अम्मी बोलावतेय."

"अहो, आणि फॉर्म?"

"नापास झाले मी," ती म्हणाली आणि बाहेर पडली.

आता हे बोंबील प्रकरण सांगायला हवं. फोरमवर खरं नाव कुणी घालत नाही. कुणी चंद्रकोर असते, कुणी चेरीचं फूल. दोन वर्षांपूर्वी नाव नोंदवताना अम्मी कालवण ढवळत होती, आसियाला दुसरं काही सुचलं नाही, आणि पोलंडच्या दानुताला आजवर वाटतं की बोंबील हे हिंदुस्थानातलं एखादं सुवासिक फूल असावं. राहायला कुठे, असं कुणी विचारलं की आसिया 'मुंबई' लिहायची. पनवेलातला कुठलाही माणूस परक्या मुलखात हेच सांगतो. पोलंडमध्ये पनवेल कोण समजावत बसणार? हाना उन्नीनेही मुंबईच लिहिलं होतं. मुंबईत दोन कोटी माणसं, त्यामुळे उन्नीला कधी भेटावं असं आसियाच्या मनातही आलं नाही. शिवाय सगळा कारभार इंग्रजीत, आणि इंग्रजीत मेला बाई-पुरुष कळतो कुठे.

या उन्नीला आसियाने काय काय सांगितलं नव्हतं? मालिकेतला हॉटेलचा मालक तिला का आवडत नाही आणि नायिकेवर मुकाट्याने जीव टाकणारा बेकरीवाला का आवडतो, हे तर सांगितलंच. कोरियन मालिका सोळा भागांत आटपते आणि चिनी साठ भाग चालून नायिकेला दोनदा मारते, यावर दोघींचं महिनाभर भांडण चाललं होतं. पण त्यापलीकडचंही सगळं. अब्बा कुवेतला, ते फोनवर रडतात आणि अम्मीला कळू देत नाहीत, तेसुद्धा. आणि मागच्या पंधरवड्यात दम्मामचं स्थळ.

मुलाचं नाव नियाज. चांगली नोकरी, दोन खोल्यांचं घर, नाव ठेवायला जागा नाही. वेबकॅमवर त्याने विचारलं होतं, तुम्हाला काय आवडतं? आसियाने मालिकांचं सांगितलं. तो प्रेमाने म्हणाला, "ठीक आहे, लग्नानंतर आपोआप सुटेल." येत्या शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजनंतर दम्मामहून फोन येणार होता. हो की नाही ते सांगायचं होतं.

'उन्नी, हो म्हणू का?' तिने विचारलं होतं. दोन मिनिटांत उत्तर देणाऱ्या उन्नीने दोन दिवस घेतले. मग एवढंच लिहिलं: 'घाई नको. निदान मालिका संपू दे.'

केवढी शहाणी बहीण, असं आसियाला तेव्हा वाटलं होतं.

रात्री नऊला बत्ती आली. आसिया कॉम्प्युटरपुढे बसली तेव्हा तिचे कान तापले होते. चिडली होती ती, लाजली होती, आणि खोटं कशाला बोला, आतून उकळ्याही फुटत होत्या. तिने दानुताला खासगीत विचारलं. दानुता म्हणजे फोरमचं चालतं-बोलतं कपाट; कुठल्या पानावर कोण काय बोललं ते तिला पाठ. 'दानुता, हाना मुलगा आहे का?'

उत्तर लगेच आलं. 'अगं, आम्हाला दोन वर्षांपासून माहीत आहे. पान दोनशे बारा. तू दोनशे तीसला आलीस.'

आसियाने पान दोनशे बारा उघडलं. एका मालिकेतल्या पहिल्या चुंबनावर चाळीस बायकांनी एकाच मिनिटात घातलेला गोंधळ, आणि त्याच्या मधोमध एक ओळ: 'माफ करा, मी मुलगा आहे. चालेल ना?' चालू भागात मागचं कुणी वाचत नाही, ही तिथली रीतच. तरी तीन दिवसांनी एकीने उत्तर दिलं होतं, 'चालेल, पण इथे सगळेच उन्नी.' आणि तेच नाव चिकटलं.

खाली दानुताने आणखी लिहिलं होतं. 'तुला स्वतः सांगायचं म्हणत होता. मग तू त्या लग्नाचं लिहिलंस. आता सांगितलं तर ती नाही म्हणेल ते माझ्यामुळे म्हणेल, हे बरं नाही, असं म्हणाला. आम्ही सगळ्या त्याच्यावर ओरडलो. तुम्हा मुंबईकरांचं काही कळत नाही.'

आसियाने ते चारदा वाचलं. मग उठून खिडकीशी गेली, परत आली, पाचव्यांदा वाचलं. दोन दिवस तो काय करत बसला असेल, हे तिला आता लख्ख दिसत होतं. इतकं गोड दुःख तिला सोळा भागांच्या कुठल्याही मालिकेत झालं नव्हतं.

तिने हानाला लिहिलं: 'उन्नी, उद्या शेवटचा भाग मी घरी बघणार नाही. पनवेलला लाईन आळीत जगनचं सायबर कॅफे आहे. चार नंबरचं मशीन. तुझ्या टाइल्स पोचल्या असतील तर ये.'

पलीकडे हाना ऑनलाइन होती. हिरवा ठिपका दिसत होता. मिनिट गेलं, दोन गेली, दहा गेली. मग ठिपका विझला. उत्तर नाही.

गुरुवारी दुपारी परतीचा पाऊस कोसळला. उरण रोडवर ट्रकांची रांग लागली असेल, हे आसियाला न सांगता कळत होतं. तरी सहालाच ती चार नंबरवर जाऊन बसली. बत्ती होती, घरी कॉम्प्युटर होता, आणि तरी ही इथे पैसे भरून बसलीय म्हटल्यावर जगनने एकदा तिच्याकडे आणि एकदा रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं.

साडेसहा. भाग सुरू झाला. फोरमवर दिवाळी उसळली. 'बोंबील, हाना कुठे?' मारिसोलने ब्राझीलहून विचारलं. 'माहीत नाही,' आसियाने लिहिलं. पावणेसात. नायिका हॉटेलवाल्याच्या गाडीत बसली. सात. बेकरीवाला दुकान बंद करत होता. आसियाला पडदा धूसर दिसायला लागला आणि तिने तो ओढणीने पुसला, जणू दोष पडद्याचाच होता.

उद्या फोन येईल. हो म्हणायला हरकत काय आहे? काही नाही. तीच तर पंचाईत होती.

सात वाजून सात मिनिटांनी दार उघडलं. नखशिखांत भिजलेला, हेल्मेटमधून पाणी ओतत, धापा टाकत तो उभा होता.

"गव्हाण फाट्यावर सगळं बंद," तो म्हणाला. "बस सोडून चालत आलो, मग एका टेम्पोत... मग परत चालत."

"काल उत्तर का नाही दिलं?"

"लिहिलं. अकरा वेळा लिहिलं, अकरा वेळा खोडलं." तो स्टुलावर बसला, अगदी काठावर. "मी... उन्नी नाही."

"दिसतंय."

"मला आधीच सांगायला हवं होतं."

"सांगितलं होतंत. पान दोनशे बारा."

त्याने चमकून पाहिलं. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. "तुम्ही वाचलंत?"

"काल. चुंबनाच्या मधोमध कोण असं सांगतं?"

तो हसला, मग हसू आवरलं. "तुम्ही रागावला असाल. घरचं, अब्बांचं... सगळं मला सांगत होतात, एक बहीण समजून."

"रागावले होते. अर्धा तास." आसियाने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "ओवेस, मला खरं सांगा. मी विचारलं होतं, हो म्हणू का. तुम्ही दोन दिवस का घेतलेत?"

पडद्यावर कुणीतरी कुणाला तरी काहीतरी सांगत होतं. दोघांपैकी एकाचंही तिकडे लक्ष नव्हतं.

"कारण नको म्हण असं लिहायचं होतं," तो हळू म्हणाला. "आणि तो हक्क मला नव्हता. मी तुम्हाला पाहिलंसुद्धा नव्हतं. रोज साडेसहाला तुम्ही फोरमवर यायचात तेवढंच. यार्डात दिवसभर बुसान, शांघाय लिहिलेले डबे मोजतो, आणि मनात एकच, आज बोंबील काय म्हणेल. काल खुर्चीवरून भांडलात ना, तेव्हा घरी जाताना वाटलं, मी कुणाशीतरी बेइमानी करतोय. बोंबीलशी. कारण ती खुर्चीवाली मुलगी मला फार आवडली होती."

आसियाला हसू फुटलं आणि त्याच वेळी डोळेही भरून आले. "मग आता?"

"आता ती बेइमानी मिटली." त्याने तिच्याकडे सरळ पाहिलं. "पण दम्मामवाल्याकडे घर आहे. माझ्याकडे अम्मी आहे, दोन बहिणी आहेत, आणि भाड्याची जागा. मला तू... तुम्ही हव्या आहात. दुसरं काही सांगता येत नाही."

"'तू' म्हणालास तरी चालेल," आसिया म्हणाली. मग एक खोल श्वास घेतला. बेकरीवाला सोळा भाग गप्प राहिला होता. तिला तेवढा वेळ नव्हता. "दम्मामचा फोन उद्या नमाजनंतर येणार. मी नाही म्हणणार आहे, ते तू आलास म्हणून नाही. काल रात्री कळलं, जे सुटेल असं त्याला वाटतं ते मला सोडायचंच नाहीये. पण अम्मी विचारेल, नाही का म्हणतेस? तर मला एक खरं कारण दारात उभं असलेलं हवंय. तुझ्या अम्मीला पाठव. लग्नाचा पैगाम घेऊन. अकरापर्यंत."

"उद्या?"

"तुला चिनी मालिका आवडतात, माहीत आहे. साठ भाग. पण मला घाई आहे."

ओवेसने ओल्या खिशातून फोन काढला, शर्टाला पुसला, आणि तिच्यासमोरच नंबर लावला. पलीकडून आवाज आला तेव्हा तो आपोआप उभा राहिला.

"अम्मी... मी जगनच्या कॅफेत आहे. नाही, भिजलोय थोडा. ऐक ना. उद्या सकाळी एका घरी जायचंय. लाईन आळीत. हो... त्यासाठीच." पलीकडे बराच वेळ काहीतरी चाललं होतं. ओवेसचा चेहरा हळूहळू उजळत गेला. "दोन वर्षं ओळखतो. सगळं ठाऊक आहे मला. भाजणीचे वडे आवडतात, गणिताच्या शिकवण्या घेते, अब्बा कुवेतला असतात, विजेला घाबरते, खोटं बोलायला जाते आणि जमत नाही..." मग तो एकाएकी थांबला. त्याने आसियाकडे पाहिलं, आणि तोंडावर असा काही गोंधळ पसरला की गल्ल्यावरचा जगनसुद्धा उठून उभा राहिला.

त्याने फोनवर हात ठेवला.

"अम्मी विचारतेय," तो कुजबुजला, "तुझं नाव काय?"

"आसिया," ती म्हणाली.

त्याने ते एकदा स्वतःशीच म्हणून पाहिलं. मग फोन परत कानाला लावला आणि अम्मीला सांगितलं.