उत्तरं तेवढी राहिली

शर्वरी दाभोळेनं बटण दाबलं आणि तीन आठवड्यांचं काम चाळीस मिनिटांत उरकलं. एका बटणासरशी ढीगभर काम उरकणारे छोटे प्रोग्रॅम, म्हणजे मॅक्रो, ती लिही; म्हणून मिरजेच्या त्या उपचारकेंद्रात तिला सगळे ‘मॅक्रोबाई’ म्हणत. त्या गुरुवारी तर खुद्द संचालकांनी तिला कॉफी पाजली.

काम किचकट होतं. पक्षाघातानं मेंदूचा जो भाग निकामी होई, त्याचं काम इथं एक मनपत्रक करायचं. दिसायला साधी स्प्रेडशीटच, लाखो चौकटींची, आणि प्रत्येक चौकटीत दर वेळी नव्यानं उत्तर काढणारं एक सूत्र. कानामागच्या पट्टीतून ऐकलेला शब्द आत शिरला की सूत्रं हलत आणि रुग्णाच्या तोंडून त्याचाच विचार बाहेर पडे. एकशे बारा रुग्णांची पत्रकं एकाच जुन्या फाईलीत होती. आता वरून हुकूम आला होता: प्रत्येकाची फाईल वेगळी करा आणि जुनं यंत्र पुसून परत पाठवा.

पहिल्या खेपेला नव्या फाईलींत चुकांचा खच पडला, कारण सूत्रं अजून जुन्या फाईलीतच उत्तरं शोधत होती. शर्वरी गालात हसली. अकरा वर्षं कचेरीत घासलेल्या बाईला यावरचा उतारा कुणी शिकवायची गरज नव्हती. वरच्या कचेरीला तक्ता पाठवताना सूत्रं ठेवायची नाहीत, आलेली उत्तरं तेवढी चिकटवायची, म्हणजे कुणाला ढवळाढवळ करता येत नाही. हा धडा तिला वडिलांनीच दिला होता. अच्युतराव जिल्हा परिषदेत हेडक्लार्क होते, आणि आता याच केंद्रात सात नंबरच्या खाटेवर होते.

तिनं मॅक्रोत एक ओळ वाढवली: सूत्रं नकोत, नुसती उत्तरं. चुका गायब झाल्या. चाचणीसाठी ती वडिलांपाशीच गेली.

“बाबा, मी कोण?”

“शरू.”

“आज वार कोणता?”

“गुरुवार. कुसुमचा फोन आला का गं?”

“नाही अजून.”

“आला की सांग. म्हणावं, रविवारी जेवायला ये.”

एरवी ते अडखळत, वार चुकवत, मग स्वतःवरच चिडत. आज एकही चूक नाही. शर्वरीला भरून आलं. शुक्रवारी तिनं जुनं यंत्र पुसण्याच्या कागदावर सही केली.

शनिवारी कुसुमआत्या गेली.

सोमवारी शर्वरी वडिलांचा हात धरून बसली. पाठची एकुलती एक बहीण; त्यांना कसं सांगावं हेच तिला कळत नव्हतं. “बाबा, आत्या गेली आपली.”

“आला की सांग,” अच्युतराव म्हणाले. “म्हणावं, रविवारी जेवायला ये.”

तिनं पुन्हा सांगितलं, मग रडत रडत सांगितलं. उत्तर तेच. शेवटी तिनं वार विचारला. “गुरुवार,” ते म्हणाले. ती उठली आणि तडक यंत्रांच्या खोलीत गेली.

यंत्रं सांभाळणाऱ्या झाकीर मुजावरनं फाईल उघडली आणि एकेक चौकट तपासली. “मॅडम, सूत्रं कुठायत? हितं नुसती उत्तरं हायत. गुरुवारी जी होती, ती. आता काय बी सांगा, ती हलायची न्हाईत.”

“जुनं यंत्र?”

“पुसलं की. सही तुमचीच हाय.”

“आणि मॅक्रो?”

“सायबांनी शुक्रवारीच सगळ्या केंद्रांना धाडला. चौतीस ठिकाणी चालवून झाला.”

शर्वरीनं त्याच दिवशी घडलं ते सगळं लिहून वर पाठवलं. आठवड्यानं उत्तर आलं: नातेवाइकांची एकही तक्रार नाही, उलट समाधान व्यक्त झाले आहे. ते खोटंही नव्हतं. दुसऱ्या खाटेवरच्या सातपुत्यांची सून पेढे वाटून गेली होती. सासूबाई आता चिडत नाहीत, रडत नाहीत, म्हणे.

त्या दिवसापासून शर्वरी रोज दुपारी सात नंबरच्या खाटेपाशी बसते. पहिले काही दिवस तिनं आत्याची बातमी रोज नव्यानं सांगून पाहिली. एकदा तरी त्यांनी हंबरडा फोडावा, एवढीच तिची मागणी होती. मग तिनं तेही सोडलं.

“कुसुमचा फोन आला का गं?”

“आला होता, बाबा. रविवारी येते म्हणाली.”

“आला की सांग.”

बहिणीसाठी रडण्याचा हक्कही जिनं बापाकडून काढून घेतला, त्या लेकीनं आता माफी मागायची ती कुणाची? समोर बसलेल्या अच्युतरावांची, की शुक्रवारी जुन्या यंत्राबरोबर पुसून टाकलेल्या अच्युतरावांची?