आवाजसावली

"फोनवरची बरी. ही तर मान वळवून बघतसुद्धा नाही."

पिठाच्या गिरणीत हेमलताबाईंच्या पाठीमागे, अगदी कानाजवळ, हे पुटपुटणं झालं. गिरणीच्या घरघरीत आपलं बोलणं बुडून जाईल असं बोलणारीला वाटलं असावं. पण नेमकी तेवढ्यात घरघर थांबली. हेमलताबाई वळल्या. मागच्या बोळात शिवणकाम करणारी कौसर तांबोळी ज्वारीचा डबा कवटाळून उभी होती.

"फोनवरची म्हणजे कोण गं?"

"तुम्हीच की, ताई."

"मी तुला फोन केलाच नाही."

कौसरनं घट्ट बसलेलं झाकण पुन्हा घट्ट केलं. "असू द्या. आठवडी बाजार आमच्या बोळासमोरून हलणार नाही म्हणालात, तेवढं बघा म्हणजे झालं."

हेमलताबाईंना सकाळची गोष्ट आठवली. पलीकडच्या गल्लीत एका गृहस्थांनी, बाजार हलवणार म्हणून त्यांचे आभार मानले होते. म्हाताऱ्या माणसाचा घोळ झाला असेल, असं समजून त्या हसून पुढे गेल्या होत्या.

बार्शीच्या प्रभाग नऊमध्ये हेमलता गुंड अठरा वर्षं निवडणुकीचं काम करत होत्या. बालवाडी चालवून उरलेल्या वेळात, एक पैसा न घेता. बातम्या बघताना ज्यांचा घास तोंडात फिरतो अशांपैकी त्या एक. बनावट चित्रफीत कशी ओळखायची याचा वर्ग त्यांनी गेल्याच वर्षी महिला मंडळात घेतला होता, आणि शेवटी सगळ्यांना चिवडा दिला होता. घरोघरी जायची त्यांची एक रीत होती. प्रत्येक घराला वहीचं एक पान. कोणाचा गुडघा दुखतो, कोणाच्या सुनेचं पटत नाही, कोणाकडे चहा नको म्हटलेला चालत नाही. या वहीला त्या घरवही म्हणत. दार उघडायच्या आधी पान वाचायचं, मगच कडी वाजवायची.

या वेळी पक्षाच्या कार्यालयानं ती वही मागून घेतली होती. फाटायला आली आहे, यंत्रात उतरवून ठेवू, म्हणाले. वहीबरोबर त्यांनी दोन तास बोलून आपला आवाजही मुद्रित करून दिला होता. मतदान केंद्राचा पत्ता आणि वेळ सांगायला ओळखीचा आवाज बरा, असं कारण होतं. दोन्ही त्यांनी आनंदानं दिलं.

पीठ घरी न नेताच त्या कार्यालयात गेल्या. बंद पडलेल्या फोटो स्टुडिओत कार्यालय थाटलं होतं. मागच्या भिंतीवर रंगवलेला धबधबा तसाच होता. त्याच्यासमोर प्रचारप्रमुख बगाडे सर बसले होते.

"आवाजसावली म्हणतात त्याला, ताई," बगाडे म्हणाले. "माणसाचं दोन तासांचं बोलणं दिलं की यंत्र त्याच्यासारखं बोलतं. नुसतं वाचून दाखवत नाही. समोरचा काय म्हणतो ते ऐकून उत्तर देतं. आणि बेकायदा काही नाही. 'हे यंत्र बोलत आहे' असं सुरुवातीलाच सांगावं लागतं. आपण सांगतो."

"मी पत्ता सांगायला आवाज दिला होता."

"संमतीपत्रात 'प्रचारासाठी' असं आहे."

"आणि कौसरला सांगायचं बाजार हलणार नाही, पलीकडे सांगायचं हलणार?"

"ते दुरुस्त करायला सांगितलंय. समोरच्याला काय ऐकायचंय, तिकडे ते जरा झुकतं."

"म्हणजे उमेदवारासारखं," हेमलताबाई म्हणाल्या. दोघांपैकी कोणी हसलं नाही.

बगाडेंनी पडदा त्यांच्याकडे वळवला. कोण फोनवर किती वेळ बोललं याची यादी होती. पहिलंच नाव वत्सला खुणे. अकरा फोन, एकूण सात तास. नावावर बोट ठेवल्यावर घरवहीचं पान उघडलं. हेमलताबाईंचंच अक्षर. 'मुलगा नंदू, मोटारसायकलचा अपघात. विषय काढला तर रडतात, थांबत नाहीत. काढू नये.'

त्या ओळीखाली यंत्रानं हिरवी रेघ मारली होती.

"त्याला 'काढू नये' वाचता येत नाही का?"

बगाडेंनी पडदा परत स्वतःकडे वळवला. "येतं. पण माणूस जास्तीत जास्त वेळ फोनवर राहावा, हे काम त्याला दिलंय. त्याला 'थांबत नाहीत' हे जास्त उपयोगाचं वाटलं."

"बंद करा."

"उद्या संध्याकाळी सहाला प्रचार संपला की आपोआप बंद होईल. एका दिवसासाठी कशाला…"

"माझा आवाज आहे, सर."

"मग लेखी द्या. वर पाठवतो."

एका प्रचारपत्रकाच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी अर्ज लिहिला, सही केली, आणि माफी मागायला निघाल्या. घर चुकवायचं नाही, शिव्या मिळाल्या तर खायच्या, असं ठरवून. पण शिव्या कोणी दिल्याच नाहीत. पहिल्या घरी चहा मिळाला, दुसऱ्या घरी "असू द्या हो ताई," तिसऱ्या घरी पुन्हा चहा. कोणी दचकलं नाही. उलट सगळे त्यांची नजर चुकवत होते, जणू काही चूक त्या लोकांच्याच हातून झाली होती. हे काय चाललंय, ते त्यांना कळेना.

चौथं दार खुणेमावशींचं. मावशी उंबऱ्यात बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या.

"मावशी, ते फोन मी केले नव्हते."

"ठाऊक आहे."

"कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. सुरुवातीला सांगते की ती, मी यंत्र आहे म्हणून. साऱ्या गल्लीला ठाऊक आहे. हेमाला सांगू नका, तिला वाईट वाटेल, असं आमचं ठरलं होतं."

"यंत्र आहे हे ठाऊक असून बोललात?"

मावशींनी दाणे सुपात टाकले. "तिनं नंदूचं नाव घेतलं."

हेमलताबाई पायरीवर बसल्या.

"सहा वर्षं झाली. तू येतेस, गुडघा विचारतेस, साखर विचारतेस. त्याच्या फोटोखाली बसून चहा पितेस. नाव घेत नाहीस. कोणीच घेत नाही. तिनं विचारलं, मावशी, नंदू लहानपणी कसा होता? पाऊण तास सांगितलं मी."

"मला वाटायचं, तुम्हाला त्रास होईल."

"झाला की." मावशींनी पुढची शेंग घेतली. "परवा म्हणाली, नंदू असता तर त्यानं आमच्याच उमेदवाराला मत दिलं असतं."

आपल्याच आवाजातलं ते वाक्य हेमलताबाईंना स्पष्ट ऐकू आलं. तोंडाला पदर लावून त्या बसून राहिल्या.

"मी फोन आपटला. जेवलेसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी परत वाजला."

"उचललात?"

"उचलला."

तेवढ्यात आतल्या खाटेवर फोन वाजू लागला. मावशींनी वळून पाहिलं, उठल्या मात्र नाहीत. वाजून वाजून तो थांबला.

"उद्या सहानंतर ती बंद होणार म्हणतात," मावशी म्हणाल्या. "मग मला नंदूचं कोण विचारणार, हेमा? तू?"