लटका ताप

त्या काळी मिरजेत नैराश्यावरची गोळी नुसतं वय-वजन पाहून कुणी देत नसे. आधी यकृताचं म्हणणं ऐकलं जाई. बरगडीखाली बसवलेला तांदळाच्या दाण्याएवढा 'यकृतकान' सतत कानोसा घेई: शरीरातल्या पेशी यकृताला कोणते निरोप पाठवतात, आणि ते ऐकून यकृत औषधाचा निकाल किती वेगाने लावतं.

मेहबूब शिकलगार तंबोरे बनवत. पत्नी गेल्यापासून त्यांचा हात थांबला होता. भोपळे माळ्यावर पडून होते. तारेखालची घोडी घासून सूर खुलवायचा, म्हणजे जवारी काढायची, तर त्यांना सगळेच सूर मुके वाटत. वर्षभर गोळ्या घेऊनही फरक नव्हता.

मग त्यांना फ्लू झाला. अंग तापलेलं, आणि हे उठून कानस शोधू लागले.

"अब्बा, पडून राहा ना!" मुलगी नसीम घाबरली.

"अगं, ऐक तरी. षड्ज बोलतोय!"

ताप उतरला, आणि ते पुन्हा भिंतीकडे तोंड करून निजले.

नसीमने हे डॉ. अरुंधती मगदूम यांच्या कानावर घातलं. डॉक्टरांना नवल वाटलं नाही.

"त्यांचं यकृत औषध फार झपाट्याने फोडतं," त्या म्हणाल्या. "तापात रोगाशी लढणाऱ्या पेशी यकृताला सांगतात, संकट आलंय, बाकीची कामं राहू दे. मग औषध फोडणारी विकरं कमी तयार होतात. विकरं म्हणजे यकृतातले कामगारच समज. ते कमी झाले की औषध रक्तात टिकतं."

"मग गोळी वाढवा ना, मॅडम."

"वाढवली होती. पण फुटलेल्या औषधाचे तुकडे त्यांच्या हृदयाचे ठोके बिघडवतात. त्यापेक्षा आपण यकृताला खोटाच निरोप देऊ."

या उपचाराला लोक 'लटका ताप' म्हणत. अंग तापत नसे. यकृताला मात्र वाटे की माणूस आजारी आहे. महिन्याभरात मेहबूबचाचा कारखान्यात जाऊन बसले. गिऱ्हाइकांशी हुज्जत घालू लागले. नसीमच्या लग्नात तर त्यांनी व्याह्यांना हसवून हसवून बेजार केलं.

पुढच्या तपासणीत डॉक्टर गंभीर झाल्या. तो खोटा निरोप एकट्या यकृताने ऐकला नव्हता, रक्तवाहिन्यांनीही ऐकला होता. त्या कडक होत चालल्या होत्या.

"चाचा, हे असंच चालू ठेवलं तर आयुष्य कमी होईल."

"होऊ दे," चाचा म्हणाले. "चालू ठेवा."

"नाही!" नसीम रडायला लागली. "अम्मी गेली. आता तुम्हीही?"

तिच्यासाठी ते कबूल झाले. लटका ताप बंद केला गेला.

रक्तवाहिन्या सुधारल्या. चाचा मात्र पुन्हा गप्प झाले. जेव म्हटलं की जेवत, ऊठ म्हटलं की उठत. तक्रार कसलीच नाही. एका दुपारी नसीम त्यांच्याजवळ बसली आणि म्हणाली, "अब्बा, तुम्ही नाना होणार."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी ती त्यांना घेऊन दवाखान्यात गेली.

"पुन्हा सुरू करा, मॅडम."

"चाचा, तुम्हाला हवंय का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नसीमला विचारा."

डॉक्टरांनी त्यांची जुनी नोंद उघडली. हा माणूस आज कशालाही हो म्हणाला असता. पण बरा असताना त्याने स्वतःच्या तोंडाने 'चालू ठेवा' म्हटलं होतं. अखेर त्यांनी तोच शब्द खरा मानला.

काही आठवड्यांनी चाचा दारात उभे राहिले, डोळे भरलेले. "नसीम, तू मला नाना होणार म्हणालीस, आणि मी कूस बदलली?"

मग त्यांनी माळ्यावरून एक लहानसा भोपळा काढला आणि फुंकरीने धूळ उडवली.

"पोराचा हात तंबोऱ्याला पुरायला आठ-दहा वर्षं तरी जातात. तेवढी मिळतील ना गं मला?"

"मिळतील, अब्बा," नसीम म्हणाली.

डॉक्टरांना हा प्रश्न तिने मुद्दामच विचारला नव्हता.