एका माणसाची कंपनी

लालबागच्या मसाला गल्लीत कुणी शिंकलं तर कुणी वळूनही बघत नाही. पण हा पठ्ठ्या थांबेचना. मिरची कुटून होईपर्यंत डंकापाशीच उभं राहायचं, अशी त्याला आईची ताकीद होती म्हणे. नाक लाल, डोळ्यांतून धारा... आणि तशाच डोळ्यांनी तो माझ्याकडे बघत होता. मला हसू आवरेना, म्हणून रुमाल पुढे केला.

तो वैभव. लोअर परळला सीए. मला तर सीएच हवा होता! माझ्या आईचा मालवणी मसाला पाकिटांत भरून विकायचा, हा माझा ध्यास. परळचं एक हॉटेल ऑर्डर द्यायला तयार होतं, बँक कर्ज द्यायला. दोघांनाही महिनाअखेरीपर्यंत धंद्याची नोंदणी हवी होती.

मग भेटी सुरू झाल्या. चहा त्याचा, वडापाव माझा. एकटीच्या नावावर धंदा काढणं सोपं, पण बुडाला तर आईची चाळीतली खोलीही धोक्यात, असं त्याने समजावलं. भागीदारीत दुसऱ्याने केलेलं कर्जही आपल्या गळ्यात. मी मुद्दाम विचारलं, की चांगला भागीदार मिळतो कुठे? साहेब चहात चमचा फिरवत राहिले. चहा बिनसाखरेचा होता.

शेवटी त्याने तोडगा काढला. एका माणसाचीही कंपनी काढता येते. धंद्याची जोखीम कंपनीवर, खोली सुरक्षित. फक्त एक नॉमिनी लागतो, म्हणजे माझ्यामागे कंपनी सांभाळणारा माणूस, आणि त्याची लेखी संमती.

‘माझ्यामागे’ हा शब्द घरात काढला मात्र, आईने कानांवर हात ठेवले. अजून नारळ फुटला नाही आणि मरणाची भाषा? ती सही करेना. काका करेना, चुलतभाऊही करेना. महिना संपत आला. माझा मसाला पाकिटात जायच्या आधीच संपणार, या भीतीने मला झोप लागेना.

“तू होशील?” मी चहाच्या कपाकडे बघत वैभवला विचारलं.

त्याने कप बाजूला ठेवला. मग म्हणाला, “झालो तर तुझा सीए राहणार नाही. जो हिशेब तपासतो, त्यानेच नॉमिनी होणं मला पटत नाही.”

“मग राहू दे...” मी पर्स उचलली.

“सीए दुसरा मिळेल गं. सही मी करतो, पण ती कंपनी माझ्याकडे कधीच यायला नको. मला कंपनी नकोय, नूपुर — तू हवीस. चांगली म्हातारी होईपर्यंत.”

मला रडूच फुटलं. तिथेच, टेबलावर, वेटरसमोर. हो म्हणायचंही सुचलं नाही, नुसती मान हलवली.

दुसऱ्या संध्याकाळी तो कागद घेऊन घरी आला. आई त्याला न्याहाळत राहिली आणि मग मला म्हणाली, “परक्याची सही कित्याक? आधी तेका घरचो कर, मगे घे.”

लग्न ठरेपर्यंत हॉटेल थांबणार नाही, असं मी तिला हळूच सांगितलं.

“हॉटेल नाय थांबूचा. तो थांबतलो?”

वैभवला मालवणी येतं, हे मला त्या क्षणी कळलं.

“थांबतलंय,” तो म्हणाला.

आईने पदराला हात पुसले आणि स्वतःच पेन शोधून त्याच्या हातात दिलं.