लाल की हिरवा

कोळवणच्या थांब्यावर इंद्रजितने घाईत भलत्याच जीपचं दार उघडलं... आत शुभांगी बसली होती.

"ही जीप भरली," ती म्हणाली. मग जरा सरकून — "पण तुम्ही बारीक आहात. मावाल."

वाटेत कळलं, दोघं एकाच कामाला जुंपलेली. खोऱ्यातल्या भाताच्या वाणांची माहिती तो गोळा करत होता; ती माहिती साठवून पडद्यावर चित्रासारखी दाखवणारं सॉफ्टवेअर शुभांगी हिंजवडीत बसून बनवत होती. त्यानंतर ती दर शनिवारी गावी येऊ लागली. कामासाठीच — असं दोघंही म्हणत.

आज बियाणं वाटायचं होतं. तिच्या वडिलांच्या, हैबतरावांच्या पडवीत पोती रचलेली, अंगणात माणसं खोळंबलेली. शुभांगीने लॅपटॉप इंद्रजितसमोर ठेवला. एकेक वाण म्हणजे एकेक चौकोन, खाली पोत्याचा नंबर. हिरवा असेल तो करप्याला दाद न देणारा, लाल असेल तो रोगाला बळी पडणारा.

"चौकोनांतले रोगाचे आकडे काढून टाकले," ती खुशीत म्हणाली. "नुसते रंग. कसं सुटसुटीत वाटतंय ना?"

इंद्रजितने डोळे बारीक केले. आजवर तो त्या आकड्यांवरच निभावून नेत होता. त्याला सगळे चौकोन एकसारखे मातकट दिसत होते.

"सांगा की साहेब," हैबतराव म्हणाले. "कुटलं पोतं सोडायचं? लोकं लई येळची थांबल्यात."

"सात... सात नंबरचं."

शुभांगीने चटकन वर पाहिलं. "नक्की?"

त्याचे कान तापले. कबूल केलं तर ती काय म्हणेल? आणि नाही केलं तर अख्ख्या खोऱ्याचं भात करपेल... अंगणातल्या दोघा गड्यांनी पोतं उचललं, उंबऱ्यापर्यंत नेलंही —

"थांबा!" त्याचा आवाज चिरकला. "ते नका देऊ. मी... अंदाजाने बोललो. मला लाल आणि हिरवा वेगळा ओळखता येत नाही. जन्मापासून."

गड्यांनी पोतं खाली टेकवलं.

"मंग सिग्नलला कसं करता वो?" हैबतरावांनी काळजीने विचारलं.

"वरचा दिवा, खालचा दिवा..."

शुभांगी त्याच्याकडे रोखून पाहत होती. "म्हणजे गेल्या शनिवारी माझी हिरवी ओढणी पाहून 'लाल रंग शोभतो' म्हणालात, ती थट्टा नव्हती?"

"नव्हती."

"आणि मी आठवडाभर रुसून —" ती अडखळली. मग हळूच, "शोभतो, हे तरी खरं होतं?"

"ते... रंगावर अवलंबून नव्हतं."

तिने मान खाली घातली. बोटं भराभर चालू लागली. हिरव्याचा निळा झाला, लालचा पिवळा. "आता?"

इंद्रजित वाकला. धुकं हटावं तसं चित्र उघडलं. "सात तर पिवळं आहे! द्यायचं ते तीन... आणि नऊ."

"आत्ता कसं!" म्हणत हैबतराव माणसांना घेऊन पोत्यांकडे वळले. पडवीच्या या टोकाला दोघंच उरली.

"हे रंग जपून ठेवायचे तर नाव द्यावं लागतं," शुभांगी म्हणाली, आणि तिने टाइप केलं — आपले रंग.

"'आपले' म्हणजे... माझे? आदराने?"

"इतक्या आदराने कोण बोलतंय तुमच्याशी?"

त्याने पडद्यावरचं नाव पुन्हा वाचलं. "मग... आपले म्हणजे —"

"व्हय," ती म्हणाली. घरच्या बोलीत, त्याच्याशी पहिल्यांदाच.