वाढ पूर्ण

तळघरात चालू दिवा एकच होता आणि त्यावर दोघांनी एकदमच हात टाकला.

"मला मोजायला उजेड लागतो," ती म्हणाली.

"आणि मला चित्रं काढायला. तोही डावीकडून... आमच्या चित्रात सूर्य डावीकडेच उगवतो." तो हसला. "तुम्ही उजवीकडे बसा ना, मोजणीबाई. मी काही चावत नाही."

तेव्हापासून संग्रहालयाच्या त्या ओल आलेल्या तळघरात ती त्याच्या उजवीकडे बसायला लागली. ती ट्रायलोबाइटचे जीवाश्म मोजायची. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी रांगणारे हे जीव. कात टाकत वाढताना त्यांच्या पाठीत एकेक कडी वाढायची. आठ झाल्या की वाढ पुरी. खडकाच्या वरच्या, म्हणजे नंतरच्या थरातले मात्र इवलेसे, पाचच कड्यांचे. त्यांच्या खोक्यावर तिने तीन वर्षांपूर्वी खात्रीने चिठ्ठी लावली होती, 'पिल्ले'.

आठ महिने सरले. 'तुम्ही'चं 'तू' झालं. बोटाला बोट लागायचं आणि कुणीच काढून घ्यायचं नाही. घरी आत्या खोदून खोदून विचारायची, "आहे तरी काय तुमचं?"

"अगं, लहान आहे अजून ते. वाढू दे की जरा!"

मग त्याचे वडील अंथरुणाला खिळले. पाट्या रंगवायचं त्यांचं गावाकडचं दुकान आता त्यालाच बघायचं होतं. जायच्या दिवशी त्याने शेवटचं चित्र तिच्यापुढे सरकवलं. तो लहानमोठं सगळं एकाच मापात, कागदभर काढायचा.

"रागावू नकोस... ही पिल्लं नाहीत गं. पिल्लाच्या शेपटीत पुढची कडी घडत असते. मी चाळीस काढली, एकातही नाही."

तिने भिंग लावलं. त्याचं खरं होतं. आठ कड्यांवाल्यांचे हे वंशज पाचांवरच थांबले होते, बाळरूपातच मोठे झाले होते. तीन वर्षांची मेहनत पाण्यात गेली, पण तिने विचारलं ते वेगळंच.

"म्हणजे हे एवढेच वाढणार होते?"

"हो. आणि आपण वाट बघत बसलो."

"माझं प्रेम आहे तुझ्यावर," ती म्हणाली. "आजचं नाही... कधीचंच."

"माझंही. येशील माझ्याबरोबर?"

घरी आत्या एकटी होती. इथे सगळं नव्याने मोजायचं होतं. तिला 'हो' म्हणता आलं नाही, आणि त्याने पुन्हा विचारलं नाही. दिवा नीट तिच्या डावीकडे करून तो जिना चढून गेला.

तिने खोक्यावरची चिठ्ठी काढली आणि नव्या चिठ्ठीवर लिहिलं, 'वाढ पूर्ण'. मग मात्र तिला रडू आवरेना.