लाखेचा हिरवा

"फुटक्या बांगड्या भेटतीन का?"

बांगड्यांच्या दुकानात माझा जन्म गेला, पण असं मागणारं गिऱ्हाईक तेवढं एकच. अकोल्यात त्या दिवशी झड लागली होती आणि तो दारात नखशिखांत भिजून उभा होता. कानामागची पेन्सिलसुद्धा ओली.

"दुकानात फुटक्या म्हनत नसते. वाढवल्या म्हना," मी म्हटलं. "आन् काहून? चांगल्या परवडत नाईत?"

"मले घालाच्या नाईत ना. गिटारीत बसवाच्या हायत."

त्याचं नाव मोतीराम, अमरावतीचा. नांदगाव पेठेतल्या एका कापड कारखान्यात सुतारकाम करायचा; कारखाना बंद पडला आणि तो गिटारी बनवू लागला. गिटारीच्या भोकाभोवती लाकूड कोरून रंगीत तुकड्यांची नक्षी बसवतात, हे मला त्यानंच सांगितलं. पांढऱ्यासाठी शिंपल्याची बटणं, काळ्यासाठी शिंगाची जुनी फणी, लाल-निळ्यासाठी प्लास्टिकच्या बांगड्या...

"नाव मोतीराम आन् फिरता बटना हुडकत."

तो हसला — आणि मी कामातून गेले.

मग तो दर मंगळवारी येऊ लागला. त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता. गावोगावची लग्नं पुढे ढकलली जात होती आणि बाबा तेल्हाऱ्याच्या बाजारातून भरलेली पेटी तशीच परत आणत. दुकानात दिवसदिवस कुणी फिरकत नसे. तो मात्र एकेक तुकडा उजेडात धरून बघायचा, आणि मी त्याची बोटं बघायची.

"तुमाले कोनता रंग आवडते?"

"हिरवा."

"मंग हिरव्याबिगर गिटार होत नाई."

पण मनाजोगता हिरवा सापडेना. आणि मग एका मंगळवारी तो म्हणाला, ही गिटार पुण्याच्या एका कारागिराला दाखवायची आहे. पसंत पडली तर तिथंच कायमचं काम. पुण्याहून कोण येतं अकोल्याला बांगडीचे तुकडे न्यायला?

मी आत गेले आणि बाबांनी घडवलेली एक हिरवी बांगडी घेऊन आले.

"लाखेचं तं नाई ना हे?" त्यानं विचारलं. "पॉलिशच्या स्पिरिटात लाख सुटते."

"नाई. प्लास्टिकचं हाय."

ती लाखेचीच होती, मला ठाऊक होतं. बाबा हाताला चिकटलेली लाख स्पिरिटनंच पुसतात. वाटलं — तेवढा हिरवा जाईल, आणि तो दुसरा हिरवा शोधत पुन्हा येईल. आणखी चार मंगळवार... माझं प्रेम होतं त्याच्यावर, आणि मला एवढंच सुचलं.

मग तीन मंगळवार तो आलाच नाही. चौथ्या मंगळवारी आला, तेव्हा गिटार कापडात गुंडाळलेली होती. त्यानं कापड काढलं. पांढऱ्या लाकडाच्या शिराशिरांतून हिरवा पार कडेपर्यंत उतरला होता.

"लय घासलं," तो म्हणाला. "पातळ लाकूड, छेद पडाले आला. पुन्याची तारीख गेली. त्यानं दुसरा मानूस ठेवला."

"मंग... आता?"

"सुरतले चाललो. मामा हाय तिथं, साडीच्या कारखान्यात." तो डागावरून बोट फिरवत होता. "कानशीनं घासताना नरम लागलं होतं मले. पन म्हटलं, तुमी सांगतलं ना, मंग प्लास्टिकच असन. पुन्याचं जमलं असतं तं मामाले तुमच्या घरी पाठवनार होतो. एकटा नवतो जानार मी."

गप्प राहिले असते तर तो माझी चांगली आठवण घेऊन गेला असता. ते मला जमलं नाही.

"लाखेचं होतं ते... मले मालूम होतं."

"काहून?"

"तुमी जानार म्हनून."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. डागावर कापड ओढत तो हळूच म्हणाला, "मी इचारलं होतं ना, पौर्णिमा?"

गिटार गुंडाळून तो उन्हात उतरला. पुन्हा आला नाही.

आता दुकानात मीच बसते. कुणी लाखेची बांगडी हातात घेतली की त्यांनी विचारायच्या आधी मी सांगते — लाखेची हाय, स्पिरिट लागू देऊ नका.

"बांगडीले कोन स्पिरिट लावते, बाई?" म्हणत बायका हसतात. मी पुडी बांधून देते.